व्हायवा झाला, पेढे वाटले, आता गावाला कधी सांगणार? संशोधन विद्यापीठाबाहेर न्यायचं कसं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा झाला, पेढे वाटले, थीसिसचं सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग लायब्ररीत जमा झालं आणि पीडीएफ शोधगंगावर, म्हणजे थीसिसांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढली. इथपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहितीय. पुढचा कुणी सांगत नाही, कोर्सवर्कमध्ये तो नसतो, गाइडनाही बऱ्याचदा वेळ नसतो, आणि ज्या माणसांनी तुम्हाला उन्हातान्हात विहिरीवर नेलं, घरात बसवून चहा पाजला, प्रश्नावलीतल्या साठ-साठ प्रश्नांची उत्तरं दिली त्यांना शेवटपर्यंत कळत नाही की त्यातून निघालं काय.

मी आधी बरीच वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून हेडिंग द्यायच्या कामावर, आता कॉलेजातल्या संशोधकांना त्यांचं काम मराठीत लोकांपर्यंत न्यायला मदत करते. त्यातून जे जमलेलं बघितलं ते इथे क्रमाने लिहितेय. विषय कुठलाही असो, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र, इतिहास, पायऱ्या साधारण याच. पण हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण धरून चालू. समजा तुमची पीएचडी यवतमाळ जिल्ह्यातल्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आहे, तुम्ही ४० ठिकाणचं पाणी तपासलं आणि १३ बोअरमध्ये फ्लोराइड जास्त निघालं. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण त्या भागात, चंद्रपूर-नांदेडकडेही, हा त्रास खराच आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग, पुढे पुढे सांधे आणि हाडं आखडणं.

सगळ्यात आधी क्रम ठरवा

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा लेख त्याचा विस्तार समजा: ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना पहिल्यांदा कळलं पाहिजे, त्यांच्या भाषेत, आणि तुमच्या तोंडून. मग तालुका, जिल्हा, मग वर्तमानपत्र, रेडिओ, इंटरनेट.

हे मी इतकं ठासून का सांगते त्याला कारण आहे. डेस्कवर असताना एका गावाच्या पाण्याच्या संशोधनाची बातमी माझ्या हाताखालून गेली. संशोधक प्रामाणिक, आकडे बरोबर, गावाचं नाव बातमीत होतं आणि हेडिंगमध्ये 'विषारी' हा शब्द होता. तो शब्द मी काढला नाही. दोनेक महिन्यांनी तो मुलगा परत गावात गेला तर सरपंच त्याला म्हणाले, सर, आम्हाला हे पेपरातून कळावं का? आणि एका बाईने विचारलं की आता आमच्या गावात पोरगी कोण देणार. त्याने चार वर्षं जोडलेली माणसं एका सकाळी तुटली. आकडा एकही चुकलेला नव्हता, चुकला होता तो फक्त क्रम.

मोठ्या पातळीवरही हेच होतं. पश्चिम घाटाबद्दलच्या गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, पण तो लोकांपुढे यायला मे २०१२ उजाडलं, तेही माहिती अधिकार आणि कोर्टानंतर. स्थानिक भाषेत करून ग्रामसभांपुढे ठेवा असा समितीचाच आग्रह होता. तसं झालं असतं तर निदान लोकांनी भांडण तरी अहवालाशी केलं असतं, ऐकीव गोष्टींशी नाही.

परवानग्या आणि कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथे घाई केली की पुढे सगळं अडतं.

गाइडना आणि सहलेखकांना आधी सांगा. तोंडी नको, मेल टाका, मी या कामावर मराठीत लेख लिहितोय, मसुदा जोडलाय, पंधरा दिवसांत काही बदल असले तर कळवा. बहुतेक गाइड खूश होतात. जे होत नाहीत त्यांची भीती साधारण एकच असते, की तुमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून यायच्या आधी बाहेर बोललात तर जर्नल (शोधपत्रिका) तो नाकारेल. भीती अगदीच खोटी नाही, काही जर्नलांचे तसे नियम असतात, म्हणून जर्नलच्या वेबसाइटवर लेखकांसाठीच्या सूचना असतात त्या वाचून ठेवा. गावाला तोंडी निष्कर्ष सांगणं आणि वर्तमानपत्राला बातमी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे गाइडना शांतपणे समजावता येतं.

कॉपीराइटचं बऱ्याच जणांना उगाच टेन्शन असतं. कॉपीराइट मांडणीवर असतो, माहितीवर नाही. जर्नलला हक्क दिले असले तरी तुमचे निष्कर्ष स्वतःच्या नव्या शब्दांत मराठीत लिहायला कुणी अडवू शकत नाही. अडचण येते ती पेपरमधले आलेख आणि नकाशे तसेच्या तसे उचलण्यात. ते परत काढा, नाहीतरी लोकांसाठी वेगळेच काढावे लागतात. तुमचा पेपर सीसी बाय, म्हणजे सगळ्यांना वापरायला खुल्या, लायसन्सखाली असेल तर श्रेय देऊन काहीही करता येतं, अगदी अख्खं भाषांतरसुद्धा.

पेपर लोकांना फुकट वाचायला मिळतोय का तेही बघा. केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, १३,००० च्या आसपास जर्नल्स, पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्थांसाठी आहे. तालुक्याच्या डॉक्टरने किंवा गावातल्या शाळेच्या मास्तरांनी तुमची लिंक उघडली तर समोर येणार ते डॉलरमधलं बिल. म्हणून प्रकाशकाने परवानगी दिलेली आवृत्ती, म्हणजे स्वीकारलेलं पण जर्नलने सजवायच्या आधीचं हस्तलिखित, विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, नाहीतर झेनोडो नावाच्या संग्रहात ठेवा. झेनोडो फुकट आहे आणि डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, पण देतं. कुठलं जर्नल काय चालवून घेतं हे ओपन पॉलिसी फाइंडर (आधीचं शेर्पा रोमिओ) नावाच्या यादीत शोधता येतं, काही जण वर्षभर थांबायला लावतात. आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा (डीबीटी) किंवा विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा (डीएसटी) पैसा असेल तर २०१४ पासून त्यांचं धोरणच आहे की पेपर खुल्या रिपॉझिटरीत ठेवावा, म्हणजे तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही आहात.

पेटंटचा विचार असेल तर मात्र तोंड बंद. एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं असं कायदा धरतो, आणि गावातला फ्लेक्स किंवा यूट्यूबचा व्हिडिओ हाही जाहीरपणाच. आधी तात्पुरता अर्ज भरा, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात, तो भरला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मग बोला.

आणि ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांची संमती. संमतीपत्रावर 'संशोधनासाठी' असं लिहून सही घेतली असेल तर वर्तमानपत्रात फोटो छापायला ती पुरत नाही, परत विचारा. नाव बदललं म्हणजे काम झालं असंही नाही, गावात एकच शिंपी असेल तर 'एक शिंपी म्हणाले' एवढ्याने अख्ख्या गावाला कळतं कोण बोललं. वनौषधी, वैदूंची माहिती, देवराया असे विषय असतील तर अजून जपून, कारण ते ज्ञान त्यांचं आहे, जागा आणि झाडाचं नाव उघड झालं की दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी पोतं घेऊन हजर होतं. अशा वेळी गावाच्या जैवविविधता समितीला विचारा काय सांगायचं आणि काय झाकायचं.

एक पान लिहा

सगळ्या गोष्टींचं मूळ हे एक पान. ते जमलं की त्यातूनच भाषण निघतं, लेख निघतो, रेडिओचं स्क्रिप्ट निघतं.

लिहायला बसायच्या आधी एक माणूस डोळ्यासमोर आणा. 'सर्वसामान्य जनता' असा माणूस नसतो. तुमच्या उदाहरणात ती सकाळी हापशीवर गुंड लावून उभी असलेली बाई आहे. तिला काय कळलं तर तिची उद्याची सकाळ बदलेल? हा प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा.

आता हे वाक्य बघा, थीसिसमध्ये साधारण असं असतं:

'प्रस्तुत अध्ययनक्षेत्रातील भूजल नमुन्यांमध्ये फ्लोराइडचे प्रमाण ०.४ ते ३.८ मिग्रॅ/लि. या दरम्यान आढळून आले असून खोल जलधरांतील नमुन्यांत ते अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे निदर्शनास येते.'

आणि हे त्या बाईसाठी:

'आम्ही ४० ठिकाणचं पाणी तपासलं. १३ बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. उघड्या विहिरींमध्ये ते बहुतेक कमी निघालं. लहान मुलांना या १३ बोअरचं पाणी प्यायला देऊ नका, कारण पक्के दात तयार होत असतात तेव्हाच डाग बसतात. भांडी-कपड्यांना हे पाणी चालेल.'

काय बदललं? 'आढळून आले' गेलं आणि 'आम्ही तपासलं' आलं, म्हणजे जबाबदारी घेणारा माणूस आला. रेंज गेली, मोजता येणाऱ्या विहिरी आल्या. 'निदर्शनास येते' च्या जागी काय करायचं ते आलं. मर्यादेचा आकडा द्यायचाच असेल तर खाली एका ओळीत द्या: भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. एवढं पुरे.

एक सावधगिरी. सोपं करता करता खोटं होऊ देऊ नका. 'बहुतेक' हा शब्द काढून 'उघड्या विहिरी चांगल्या' असं लिहिलं की वाक्य सुटसुटीत होतं पण विहिरीत इतर घाण असू शकते, तुम्ही जंतू तपासलेच नाहीत. मग तेही लिहा, आम्ही फक्त फ्लोराइड तपासलं. जे तपासलं नाही ते सांगितल्याने लोकांचा विश्वास वाढतो असाच माझा अनुभव.

परिभाषेवर लोक फार अडतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, शब्द नक्की काय आहे ते तिथे बघता येतं, पण कोशातला शब्द हा तुमच्यासाठी आहे, वाचणाऱ्यासाठी गावात जो चालतो तो. बोअर, हापशी, गाळ, खडक. फ्लोराइडला फ्लोराइडच म्हणा. मशीनकडून भाषांतर करून घेणार असाल तर एकक आणि नकार हे दोन परत परत तपासा, 'पिऊ नये' चं 'प्यावे' झालेलं मी स्वतः पकडलंय.

पान झालं की घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आई, मावशी, शेजारचा बारावीतला मुलगा. जिथे त्यांची नजर इकडेतिकडे जाते ती ओळ परत लिहायची. गाइडना दाखवायच्या आधी हे करा.

गावात परत जाणं

इथे जास्त लिहिणार आहे कारण इथेच सगळे कमी वेळ देतात.

वेळ बघून जा. यवतमाळकडे कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच भेटेल. संध्याकाळी जा, जेवणाआधी. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास असतात, सरपंच आणि ग्रामसेवकांना आधी भेटून विषयपत्रिकेवर दहा मिनिटं मागून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे महिला ग्रामसभा, ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते, पाणी भरणाऱ्या बाया तिथे असतात आणि तिथे त्या बोलतात, मोठ्या सभेत मागे बसतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना तर त्याच्याही आधी भेटा, तुम्ही निघून गेल्यावर प्रश्न त्यांनाच येणार आहेत.

मराठी सगळ्यांची घरची भाषा नसते हेही लक्षात ठेवा. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, गेलात तर तिथलाच एखादा शिकलेला मुलगा सोबत घ्या आणि त्याला आदल्या दिवशी पान समजावून सांगा, ऐन वेळी भाषांतर करायला लावू नका.

प्रोजेक्टर नेऊ नका. लाइट जाते, उजेडात दिसत नाही, आणि पडदा लागला की सगळे शाळेतल्यासारखे गप्प बसतात. त्यापेक्षा चार बाय तीनचा फ्लेक्स छापा, त्यावर गावाचा नकाशा, हातानी काढल्यासारखा: शाळा, मारुतीचं देऊळ, ओढा, टाकी, आणि प्रत्येक बोअरला हिरवा किंवा लाल ठिपका. अक्षांश-रेखांश कुणाला नको असतात, 'देवळामागची हापशी' सगळ्यांना कळते. मी बघितलंय, फ्लेक्स भिंतीला टेकवला की पहिली पाच मिनिटं कुणी तुमच्याकडे बघतच नाही, बाया बोटाने आपली हापशी शोधतात, ही आपली, ही नाही ती, आणि लाल ठिपका दिसला की आवाज बंद होतो. तेव्हा घाई करू नका. थांबा. पहिला प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या.

आणि येणारा प्रश्न तुमच्या थीसिसमध्ये नसतो. एका सभेत एका आजींनी विचारलं, बाई, उकळून पेलं तर चालते का? फार मोलाचा प्रश्न, कारण आपणच तीस वर्षं लोकांना सांगत आलोय पाणी उकळून प्या. उत्तर नाही असं आहे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसंच राहतं, उलट पाण्याची वाफ होऊन ते थोडं जास्तच दाट होतं. त्या दिवसापासून ही ओळ मी असल्या प्रत्येक पानात सगळ्यात वर ठेवायला लावते. हे एसी केबिनमध्ये सुचलं नसतं.

जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणा आणि खरंच विचारून सांगा, सरपंचांच्या नव्हे, आशाताईंच्या व्हॉट्सॲपवर. आणि तुमच्या हातात नसलेलं आश्वासन देऊ नका. फिल्टर प्लांट आणून देतो, साहेबांना सांगतो, असं काही नाही. तुम्ही तपासलंत, तुम्ही सांगायला आलात, आणि पुढचा अर्ज लिहायला मदत कराल, इतकं खरं आहे तेवढंच बोला.

शेवटी विचारा: हे पेपरात छापून आलं तर चालेल का, गावाचं नाव घालायचं का. काही गावं म्हणतात घाला, म्हणजे टँकर तरी येईल. काही म्हणतात नको. दोन्ही मान्य करायचं.

सरकारी कचेरीत

एक पानाचं निवेदन, खाली बोअरची यादी आणि मागणी एकच, मोजता येईल अशी: 'या १३ स्रोतांचं पाणी शासकीय प्रयोगशाळेतून परत तपासावं आणि जास्त निघालं तर हातपंपाला लाल रंग द्यावा.' दहा मागण्या लिहिल्या की एकही होत नाही. पत्र शक्यतो ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर जाऊ दे, सोबत तुमचा अहवाल. जाणार कुठे, तर गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं जिल्हा कार्यालय. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, आवक नंबर. पोच नसलेलं पत्र दिलंच नाही असं समजा. आणि टेबलावरच्या बाबूंशी नीट बोला, बऱ्याच कचेऱ्यांत काम करू बघणारा एक तरी ज्युनियर इंजिनिअर असतो, तो सापडला की निम्मं काम झालं.

मराठी अहवालाची ताकद बघायची असेल तर गडचिरोलीच्या 'सर्च' या आरोग्य संस्थेचं उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या टीमचं घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं संशोधन १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं, जगभर गाजलं. पण महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर खळबळ उडाली ती २००१ मधल्या 'कोवळी पानगळ' या मराठी अहवालाने, तो पेपरांनी उचलला आणि पुढे शासनाला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्या अहवालाचं नाव बघा, दोन शब्द, आणि एकदा ऐकलं की विसरत नाही.

आता पेपर

गाव झालं, कचेरी झाली, मगच.

जुन्या कामाच्या जागेवरून सांगते, लेख कसा पाठवायचा यावरच निम्मे लेख बाद होतात. यूनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल पाठवा, पीडीएफ नको, डेस्कवर ती परत टाइप करायला कुणाला वेळ नाही. ७०० ते ८०० शब्द. फोटो वेगळे जोडा, फाइलमध्ये चिकटवू नका, व्हॉट्सॲपवर पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे बारीक होत नाहीत, आणि फोटोत कोण आहे, कुठला आहे ते लिहा. मेलच्या विषयात 'लेख' एवढंच न लिहिता, 'लेख: यवतमाळच्या बोअरमधलं फ्लोराइड, ७५० शब्द, ३ फोटो' असं लिहा. स्वतःची ओळख दोन ओळींत. एका वेळी एकाच पेपरला, आठ-दहा दिवस वाट बघून एक फोन, तोही दुपारी तीनच्या सुमारास, संध्याकाळी पान लावायच्या घाईत कुणी नीट बोलणार नाही.

हेडिंग लेखक देत नाही, डेस्क देतं, हे माहीत असू दे. म्हणून स्वतःच दोन चांगली हेडिंगं सुचवून ठेवा, आणि एक ओळ स्पष्ट लिहा, 'विषारी हा शब्द कृपया वापरू नये, कारण असं-असं.' घाईतल्या माणसाला तयार चांगलं हेडिंग मिळालं तर तो बहुतेक तेच घेतो.

बातमीदार मुलाखत घ्यायला आला तर त्याला तुमचं ते एक पान द्या. छापायच्या आधी अख्खी बातमी दाखवा असं म्हणू नका, कुणी दाखवत नाही आणि नाराज होतात, पण 'आकडे तेवढे फोनवर वाचून दाखवाल का' असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. चुकलंच काही तर रागावून फेसबुकवर लिहिण्याआधी संपादकांना दोन ओळींचा मेल, काय छापलं आणि बरोबर काय.

मुहूर्त बघून पाठवलं की जागा लवकर मिळते. २२ मार्च जागतिक जल दिन, २८ फेब्रुवारी राष्ट्रीय विज्ञान दिन, १९२८ च्या रामन यांच्या शोधाचा दिवस, १९८७ पासून साजरा होतो. तीन आठवडे आधी पाठवा. शेतीचा विषय असेल तर ॲग्रोवन, कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक, शिवाय जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, त्यांचे मेळावे असतात आणि तिथे खरे शेतकरी येतात.

लेख लांबवायचा असेल, सविस्तर लिहायचं असेल तर मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे. परिषद १९६६ पासून हेच काम करतेय. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये परिषदेच्याच कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपण नावाने 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली होती, आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. ज्या माणसाचं खगोलशास्त्र जगभर वाचलं जात होतं त्याला मराठीत लिहिणं खालच्या पायरीचं वाटलं नाही, आणि तुम्हाला कुणी डिपार्टमेंटमध्ये म्हणालं की हे काय पोरकट लिहीत बसलात, तर ही गोष्ट जरूर सांगा.

बोलायच्या जागा

रेडिओ मला फार आवडतो, कारण वाचता न येणाऱ्यापर्यंत तो जातो. जिल्ह्याच्या आकाशवाणी केंद्रावर शेती आणि आरोग्याच्या कार्यक्रमांना वक्ते हवेच असतात, कार्यक्रम अधिकाऱ्यांना पत्र लिहा. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी सामुदायिक रेडिओ केंद्रं तर गावच्याच बोलीत बोलू देतात. व्हॉट्सॲपसाठी दोन मिनिटांचा ऑडिओ करा, सुरुवातीलाच नाव, तारीख आणि कुठल्या गावांबद्दल आहे ते बोला, म्हणजे तो फिरत फिरत भलत्या जिल्ह्यात गेला तरी गोंधळ होत नाही.

व्याख्यानमाला विसरू नका. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, आणि तशा छोट्या मालिका आपल्याकडे गावोगाव आहेत, आयोजक दरवर्षी नवे वक्ते शोधत असतात. मुंबईत टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, माणसं २००९ पासून 'चाय अँड व्हाय' करतात, जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये, कुणीही यावं, चहा घ्यावा, प्रश्न विचारावा. एकदा जाऊन नुसतं मागे बसून बघा, श्रोत्यांमधला शाळकरी मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा शास्त्रज्ञ किती गंभीरपणे उत्तर देतो ते.

विकिपीडियाबद्दल थोडक्यात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि तिथे चांगल्या लेखांची फार गरज आहे, पण स्वतःबद्दल किंवा स्वतःचं न छापलेलं संशोधन तिथे टाकायचं नसतं, उडवतात आणि बरोबरच करतात. 'फ्लोराइड' किंवा 'दंतविकार' अशा लेखात इतरांच्या छापील कामाच्या आधाराने भर घाला. मराठी विश्वकोशाची ज्ञानमंडळं आहेत, तिथे विषयतज्ज्ञांना नोंदी लिहिता येतात.

नोंदी ठेवा

प्रत्येक सभेची तारीख, किती लोक होते, काय प्रश्न आले, पत्राची पोच, कात्रण, सगळं एका फोल्डरमध्ये. एक तर नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, विस्तारकार्य मोजते, तेव्हा प्राचार्य हेच कागद शोधत तुमच्याकडे येतील आणि पुढच्या वेळी सुटी मागायला सोपं जाईल. दुसरं म्हणजे लोकांचे प्रश्न हा पुढच्या संशोधनाचा कच्चा माल आहे. आजींच्या त्या उकळण्याच्या प्रश्नावरून एका एमएस्सीच्या मुलीने प्रोजेक्ट केला, चुलीवर, गावातल्याच पातेल्यात, किती वेळ उकळल्यावर फ्लोराइड किती वाढतं.

सहा महिन्यांनी परत एकदा गावात जायचं ठरवून ठेवा, मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. फ्लेक्स कुठे आहे ते बघा, बहुतेक वेळा कुणाच्या तरी गोठ्यावर असतो, त्यात वाईट वाटून घेऊ नका, नवा ए-थ्री कागद लॅमिनेट करून अंगणवाडीच्या आत लावा, बाहेर लावला की पावसात जातो. खाली तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात टाका, कारण बोअरचं पाणी बदलतं आणि दोन वर्षांनी तोच कागद बघून कुणी हिरव्या ठिपक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला नको. आणि तुमचा फोन नंबर लिहा, जो बदलणार नाही असा. नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेलात तर तो नंबर खोडून डिपार्टमेंटमधल्या ज्युनियरचा लिहून या, त्याला आधी सांगून.